पंखा फिरतो, स्क्रीन काळी, चौथ्या वेळी चालू: बोर्ड गेला असं इतक्यात म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा संगमेश्वरला, मुलगा पुण्यात. बाबांकडे दहा-अकरा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, एच ८१ चा बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसतं), चौथ्या पिढीचा आय थ्री प्रोसेसर, हार्डडिस्क जुनीच, विंडोज १०. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, लाइट लागते, स्क्रीन मात्र काळी. बंद करून परत, परत बंद करून परत, असं तिसऱ्या-चौथ्या वेळी चालू होतो आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. तारीख रोज सकाळी २०१३ ला गेलेली असते. मधे एकदा निळ्या स्क्रीनवर ऑटोमॅटिक रिपेअर असं पण आलं. दुकानदार आधी म्हणाला फॉरमॅट मारू, नंतर म्हणाला बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. मुलगा गणपतीला घरी येणार आहे तर तो विचारतोय नक्की काय करू.

मी २००४ पासून रत्नागिरीत हेच काम करतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल पण ऐका. तुम्ही जे लिहिलंय त्यात उत्तर जवळजवळ दिलेलंच आहे, "चौथ्या वेळी चालू होतो आणि मग दिवसभर काही नाही" हेच. बोर्ड खरंच गेला असता तर त्याला सकाळ काय आणि दुपार काय. सकाळी थंड असताना नखरे आणि एकदा गरम झाल्यावर गुणी बाळ, हे लक्षण दहातल्या सात-आठ वेळा एसएमपीएसचं निघतं, म्हणजे मागच्या बाजूला जो पॉवरचा डबा असतो त्याचं. आणि तारीख मागे जाणं हा वेगळा आजार आहे, तो सेलचा. दोन आजार एकाच वेळी आलेत म्हणून दुकानदार गोंधळला असेल, त्याला पूर्ण दोष देत नाही मी.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. पंखा फिरतोय म्हणजे पॉवर ठीक आहे असं सगळे धरून चालतात. पंख्याला काय हो, त्याला १२ व्होल्ट पाहिजेत पण ९ मिळाले तरी तो फिरतोच. प्रोसेसरचं तसं नसतं. एसएमपीएस चालू झाला की आधी स्वतःचे सगळे व्होल्टेज जागेवर आलेत का बघतो आणि मग बोर्डाला एका राखाडी वायरवरून सिग्नल देतो की हां, आता ठीक आहे, कर सुरू. याला पॉवर गुड म्हणतात. हा सिग्नल यायला साधारण १०० ते ५०० मिलीसेकंद लागतात आणि तो येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्येच धरून ठेवतो. डबा म्हातारा झाला की हा सिग्नल उशिरा येतो, किंवा येऊन जातो, किंवा येतच नाही. तेव्हा बाहेरून काय दिसतं, तर पंखा फिरतोय, लाइट आहे आणि स्क्रीन काळी. अगदी तुमचं वर्णन.

मग चौथ्या वेळी कसा काय होतो? डब्याच्या आत कंडेन्सर असतात, छोट्या डबीसारखे उभे, त्यांच्यात ओलं रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं उष्णतेनं सुकत जातं. सुकलेला कंडेन्सर थंड असताना जास्तच कुचकामी असतो, जरा ऊब मिळाली की बरा चालतो. बाबा तीनदा बटण दाबतात तेव्हा नकळत त्याला शेकतच असतात. सकाळी गुडघे धरलेल्या माणसाला चार पावलं टाकल्यावर बरं वाटतं तसंच. पण हे "बरं वाटणं" दिवसेंदिवस उशिरा येतं, आज चौथी वेळ आहे, दिवाळीत आठवी असेल आणि एक दिवस येणारच नाही.

पण माझ्या अंदाजावर पैसे घालवू नका, आधी फुकटातली एक टेस्ट करा, बाबांना फोनवरून सांगितली तरी जमेल. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, चांगली सवय आहे, पण एक रात्र ते चालूच ठेवायला सांगा. फक्त कॉम्प्युटर नेहमीसारखा शटडाऊन करायचा आणि भिंतीवरचं बटण तसंच. गडगडाट नसलेली रात्र बघा हां, विजा चमकत असतील तर पिनच काढून ठेवायची, त्यात तडजोड नाही.

यात काय होतं तर भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर एसएमपीएस बंद दिसला तरी पूर्ण झोपलेला नसतो, जांभळ्या वायरवरून ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डाला देत राहतो. बोर्डाचं घड्याळ आणि सेटिंग त्यावर टिकतात, सेलला हात लावावा लागत नाही. शिवाय डब्याचा तो स्टँडबायचा भाग उबदार राहतो. सकाळी पहिल्याच वेळी चालू झाला आणि तारीख पण बरोबर असली तर समजायचं की बोर्ड, प्रोसेसर, रॅम (तात्पुरती मेमरी) सगळं धडधाकट आहे आणि दोष सेल आणि डबा या दोघांतच आहे. तरीही चालू झाला नाही तर खाली रॅमचं सांगतो तिकडे वळायचं.

आता सेल. बोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, चाळीस-पन्नास रुपयांत घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. भिंतीवरचं बटण रात्री बंद म्हणजे रोज दहा-बारा तास घड्याळ या सेलवर चालतं, त्यामुळे आपल्याकडे हे सेल लवकर संपतात. नवीन सेल मीटरवर (व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर) ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, २.७ च्या खाली गेला की मी विचार न करता बदलतो. बदलताना मागची केबल काढायची, मग पुढचं पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, सेलच्या कडेला बारीक पत्र्याची पट्टी असते ती नखाने किंवा टेस्टरच्या टोकाने हलकेच बाजूला केली की सेल टुणकन वर येतो. नवीन बसवताना अक्षरं लिहिलेली बाजू वर. झालं.

तारीख चुकली तर बिघडतं काय असं बाबा म्हणत असतील, तर २०१३ तारीख असली की बँकेची साइट, जीमेल काहीच धड उघडत नाही कारण त्या साइटच्या सर्टिफिकेटवर २०१३ नंतरची तारीख असते आणि ब्राउझरला वाटतं हे सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. लोक व्हायरस आला म्हणून घेऊन येतात माझ्याकडे. व्हायरस नाही, पन्नास रुपयांचा सेल.

अजून एक. सेल मेला की बऱ्याच बोर्डांवर सकाळी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात "एफ वन दाबा" असं येऊन मशीन तिथंच उभं राहतं. काही बोर्ड सेटिंग गेली म्हणून स्वतःच एकदा बंद होऊन परत चालू होतात, त्यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि तोवर स्क्रीन काळीच. बाबा तेवढ्यात घाईनं बटण दाबून बंद करत असतील तर चार वेळांतल्या दोन वेळा कॉम्प्युटरच्या नाहीतच, बाबांच्या आहेत! त्यांना सांगा बटण दाबल्यावर मनात साठ मोजायचे, मगच हात लावायचा.

तो ऑटोमॅटिक रिपेअरचा निळा स्क्रीन पण यातूनच आलाय असं मला वाटतं. विंडोजचे गोल ठिपके फिरत असताना दोन-तीनदा लागोपाठ बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज समजतं की आपल्यातच काहीतरी बिघडलंय आणि रिपेअरला जातं. दुकानदारानं तो स्क्रीन बघितला आणि फॉरमॅट म्हणाला. फॉरमॅटनं डबा सुधारत नाही हो. जे मशीन विंडोजपर्यंत पोचायच्या आधीच अडतंय त्याला विंडोज नवीन टाकून काय होणार, उलट बाबांचे सातबाऱ्याचे स्कॅन आणि फोटो जायचे.

इथंच एक गोष्ट सांगतो जी मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, कुठं थांबतोय ते बघा. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही हे एक, पंखा आहे पण कंपनीचा लोगो नाही हे दुसरं, लोगो येतो पण पुढे "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" हे तिसरं, आणि ठिपके फिरतात पण डेस्कटॉप येत नाही हे चौथं. लोगोच्या आधी अडलं तर विंडोजचा आणि हार्डडिस्कचा बहुतेक काही संबंध नाही. लोगोच्या नंतर अडलं तर डब्याच्या मागे लागण्याआधी डिस्क बघायची. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे.

सेल बदलला, तारीख नीट राहायला लागली, रात्री बटण पूर्वीसारखं बंद करताय आणि तरी सकाळी तीन-चार वेळा करावंच लागतंय, तर डबा नक्की. खात्री करायची एकच चांगली पद्धत, दुसरा चांगला एसएमपीएस लावून दोन सकाळी बघणं. शेजाऱ्याचा आणा, ओळखीच्या दुकानातून उसना आणा. मीटरनं पण बघता येतं, पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला पाहिजेत, पण मीटर बरोबर दाखवतोय म्हणून डबा चांगला असं होत नाही, कारण साधा मीटर सरासरी दाखवतो आणि कंडेन्सर सुकला की त्या सरासरीच्या वर-खाली जे थरथरतं ते त्याला दिसतच नाही. मी स्वतः यात फसलोय, मीटर बघून डबा पास केला आणि दोन दिवस रॅम बदलत बसलो.

हिरवी आणि काळी वायर पिनेनं जोडून डबा चालू करायचे व्हिडिओ बघितले असतील, त्यातून एवढंच कळतं की डबा पूर्ण मेलेला नाही, लोडवर, म्हणजे सगळा भार पडल्यावर, काय करतो ते कळत नाही. तुमचा पूर्ण मेलेला नाहीच हे आपल्याला माहितीये, त्यामुळे ती उठाठेव नको. आणि एक हात जोडून विनंती, डब्याचे स्क्रू उघडू नका. पिन काढल्यावरसुद्धा आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. बोर्डावरचे कंडेन्सर मात्र बघा जरूर, टोपी फुगलेली किंवा तपकिरी चिकट काही आलेलं दिसलं तर सांगा, मग गोष्ट बदलते.

नवीन घेताना आमच्याकडे कॅबिनेटसोबत येणारा हलका डबा घेऊ नका, ज्यावर आकडा भला मोठा आणि हातात घेतला तर पापडासारखा. नावाजलेल्या कंपनीचा ४०० ते ४५० वॉटचा, तीन वर्षं तरी गॅरंटीचा, दोन-अडीच हजारांत मिळतो. ग्राफिक्स कार्ड नाही तुमच्याकडे, जास्त मोठा घेऊन उपयोग नाही.

रॅमचं. हे सुद्धा कोकणात दुर्लक्ष करण्यासारखं नाही, जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. कॉम्प्युटर पावसाळाभर बंद आणि गणपतीला पोरं आली की चालू करायला जातात, माझ्याकडे त्या आठवड्यात रांग लागते. केबल काढा, दोन्ही बाजूचे लॉक दाबून रॅम काढा, शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरनं पट्टी हलक्या हातानं पुसा, चुरा सुती कापडानं झटका, स्लॉटमध्ये ब्रश फिरवा आणि परत बसवताना दोन्ही लॉक टक् करून बसले पाहिजेत. नव्वद टक्के लोक एका बाजूचा टक् विसरतात. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, स्लॉट पण बदलून बघा. मधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत राहा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघते.

त्याच वेळी एक मस्त टेस्ट होते. बोर्डाच्या पिनांवर लावायचा छोटा बझर मिळतो, वीस-तीस रुपयांचा, हल्ली बोर्डाबरोबर देत नाहीत. तो लावा, सगळ्या रॅम काढा आणि चालू करा. बोंबलायला लागला तर आनंद माना, म्हणजे पॉवर गुड आला, प्रोसेसर जागा झाला, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) चाललं आणि रॅम सापडली नाही म्हणून ओरडतंय. बोर्ड जिवंत. त्या "बोर्ड गेला"वाल्याला ऐकवा तो आवाज. बझर नसेल तर काळ्या स्क्रीनवर असताना कीबोर्डचं नम लॉक दाबून बघा, लाइट लागते-विझते का. लागत असेल तर मशीन चालू आहे, फक्त चित्र येत नाही, मग मॉनिटरची केबल बघायची.

(ज्यांच्याकडे नवीन डीडीआर ५ प्रकारच्या रॅमचं मशीन आहे त्यांच्यासाठी, रॅम बदलली किंवा सेल काढला की पहिल्या वेळी स्क्रीन दोन-चार मिनिटं काळी राहू शकते, रॅमची जुळवाजुळव चालू असते, मधेच बंद करू नका. आणि विंडोज ११ च्या लॅपटॉपवर बायोस छेडायच्या आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे ना बघून ठेवा, नाहीतर आपलाच डेटा आपल्याला दिसायचा नाही.)

सेल बदलल्यावर बायोसची सेटिंग मूळपदाला जातात, आणि कुणी पूर्वी साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसं बोलतो ती सेटिंग) आयडीई ठेवून विंडोज टाकलं असेल आणि मूळपदाला एएचसीआय असेल तर निळ्या स्क्रीनवर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" येतं. तुमच्याकडे ती भीती नाही, कारण सेटिंग तशीही रोज रात्री पुसली जातायत आणि तरी विंडोज चालू होतंय. पण दुसऱ्या कुणाला हे आलं तर फॉरमॅट न करता तो मोड बदलून बघा आधी.

कॅबिनेट उघडाल तेव्हा आत काय काय दिसेल त्याची तयारी ठेवा. पालीची अंडी मला डीव्हीडीच्या ड्राइव्हखाली किती वेळा सापडलीत त्याची मोजदाद नाही. त्याहून वाईट उंदीर. मागच्या बाजूला कार्डाची रिकामी पट्टी काढलेली असते, तेवढ्या फटीतून आत जातो, ऊब असते, राहतो आणि बोर्डावर मुततो. त्या डागाखाली तांब्याची रेघ हिरवी होऊन तुटते आणि तसं झालं असेल तर मात्र दुकानदार बरोबर, बोर्ड गेला. असा पांढरा-हिरवा डाग दिसला तर स्वच्छ फोटो काढा. डाग नसेल तर पट्टीच्या जागी पत्रा किंवा निदान जाड पुठ्ठा तरी स्क्रूनं लावून टाका.

आणि बाबांना विचारा, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे वायरी दोनच, अर्थिंग नाहीच. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११० च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो त्यामुळे फक्त झिणझिण्या येतात, पण यूएसबी आणि लॅनचे पोर्ट जायला ते पुरतं, आणि उद्या आत खरंच काही शॉर्ट झालं तर संरक्षण शून्य. नवीन डबा लावायच्या आधी वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या.

हार्डडिस्कचं शेवटी सांगतोय पण करायचं सगळ्यात आधी. गणपतीला पोचलात की पहिला दिवस बाबांचा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. थरथरत्या व्होल्टेजवर दहा वर्षं फिरलेली डिस्क आहे ती. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम टाकून बघा, त्यात रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा) रॉ आकडा शून्य नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि डिस्क आजारी वाटली तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करायचा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवू नका, आधी कॉपी. २००९ ला मी एका मास्तरांच्या डिस्कवर हुशारी करून रात्रभर चेकडिस्क लावून ठेवला होता, सकाळी डिस्क टक-टक करत होती, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. मास्तर एक शब्द बोलले नाहीत, पैसे विचारले, मी घेतले नाहीत. अजून रस्त्यात भेटले की मी आधी नजर खाली घालतो.

नवीन घ्यायचा का या प्रश्नाचं खरं उत्तर असं की चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बाबा त्यावर बँकेचे व्यवहार करत असतील तर वर्षभरात विचार करावाच लागेल. पण हिशेब, पत्रं, फोटो, यूट्यूब एवढंच असेल तर डबा, सेल आणि एक छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम घाला, मराठी टायपिंग होतं त्यात, अजून तीन-चार वर्षं आरामात जातील. नवीन डबा पुढच्या मशीनलाही लागेल, तो खर्च वाया नाही.

तर आज रात्री आकाश मोकळं असेल तर बटण चालू ठेवायला सांगा आणि सकाळी दोनच गोष्टी कळवा, कितव्या वेळी चालू झाला आणि तारीख काय होती. तोवर त्या दुकानात पाठवू नका.